सासरेबुवांचे पूर्वज आणि लांडगा

सात मेंढरांना नावं द्यायची होती, एवढंच. दारखान अल्माटीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून कंपनीसाठी कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होता. खेळात माळ होता, मेंढरं होती, लांडगा होता आणि खुंट्याला बांधलेलं एक गाढव होतं, त्याला लांडगा दिसला की थरथरण्यापलीकडे काहीच काम नव्हतं. मेंढरांना तात्पुरती काहीतरी नावं हवी होती आणि दारखानच्या जिभेवर त्या घटकेला सातच नावं तयार होती: सासऱ्यांच्या सात पिढ्यांची.

आता त्यात त्याचा तरी काय दोष? लग्न ठरताना सासरेबुवांनी, म्हणजे तोक्तासिन कोकेंनी (कोके हे वडीलधाऱ्यांना म्हणायचं), ती त्याच्याकडून घोकून घेतली होती. कझाक माणसाला स्वतःचे सात पूर्वज पाठ हवेत. दारखानला स्वतःचे चारच येत (हे त्याने बायकोपासूनही लपवलं होतं), पण सासऱ्यांचे सातही झोपेत येत. तर सगळ्यात पांढरं मेंढरू झालं सारसेन, म्हणजे कोकेंचे साक्षात वडील. लंगडं झालं बैजिगित, म्हणजे खापरपणजोबा. नंतर बदलू, असं म्हणून दारखान चहा प्यायला उठला आणि विसरला.

पुढे खेळ वाढत गेला. सासऱ्यांना खूश करावं म्हणून त्याने खेळाच्या सुरुवातीला एक उभा दगड रचला आणि त्यावर त्याच सात पूर्वजांची नावं कोरली. फोनवर हे ऐकून कोकेंनी तराझमधल्या आपल्या गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. मग एका सकाळी आकमारालने, दारखानच्या बायकोने, कणीक लाटता लाटता बातमी दिली.

"कोके येतायत. दुपारच्या गाडीने. दगड बघायला."

दारखानने लॅपटॉपकडे पाहिलं. दगड ठीक होता. पण दगडामागे मेंढरं होती, मेंढरांमागे लांडगा होता आणि लांडग्याने झडप घातली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येई, 'सारसेनला लांडग्याने खाल्लं.'

"आकमाराल," तो क्षीण आवाजात म्हणाला, "तुझ्या आजोबांना लांडगा खातो."

सगळं ऐकून झाल्यावर आकमारालने लाटणं खाली ठेवलं. तिने ते ठेवलं म्हणून बरं.

"माझे आजोबा मेंढरू? आणि बैजिगितबाबा लंगडे?"

"तात्पुरते गं!"

"थोरल्या भावोजींचं काय झालं ते माहितीये ना तुला?"

ते सगळ्या तराझला माहीत होतं. थोरल्या जावयाने एका मेजवानीत कोकेंच्या आधी मेंढीच्या शिजलेल्या डोक्याला सुरी लावली होती, आणि तो मान घरातल्या ज्येष्ठाचा. त्या दिवसापासून ताई माहेरी एकटी जाते आणि भावोजी फाटकाबाहेर गाडीत बसून चहा पितात. नवरोझच्या सणाला बर्फ पडत असला, तरी गाडीतच.

"माझं माहेर तुटलं ना दारखान, तर मी तुला गाडीतसुद्धा बसू देणार नाही," असं म्हणून आकमाराल स्टेशनवर निघून गेली. जाताना तिचे डोळे भरले होते, आणि ते बघून दारखानला लांडग्यापेक्षाही जास्त भीती वाटली.

तो कामाला लागला. एकेक मेंढरू शोधायचं, उघडायचं, नाव बदलायचं. पण नावं काय फक्त मेंढरांवर होती? ती आरोळ्यांत होती, सूचनांत होती, बक्षिसांत होती. 'शाब्बास! बैजिगितची लोकर कापली.' एक पुसावं तर दोन नवी दिसत. हात इतके थरथरत होते की दुधाचा चहा सगळा कीबोर्डवर सांडला. त्याने फडकं घेऊन घाबऱ्या घाबऱ्या पुसायला सुरुवात केली, आणि फडक्याखाली कुठली तरी तीन बटणं एकदम दाबली जाऊन पडद्यावर एक खिडकी उघडली. अशी खिडकी त्याने या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या जन्मात पाहिली नव्हती. (त्याचा पगार हे सॉफ्टवेअर येतं म्हणून होता, हे इथे न बोललेलं बरं.)

खिडकी विचारत होती: सगळ्या खेळात काय शोधू?

दारखानने 'सारसेन' लिहिलं. पानभर यादी धावली. खाली दुसरी रिकामी ओळ होती: त्याच्या जागी काय? आणि बाजूला बटण: सगळीकडे बदला.

त्याला रडूच आलं. आता फक्त सात नवी नावं हवी होती. स्वतःचे पूर्वज घालावेत, तर ते चारातच संपत. जिन्यात पावलं वाजली. दारखानने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. समोर पाहुण्यांसाठी मांडलेलं ताट होतं. जे दिसलं ते त्याने लिहिलं. सारसेनच्या जागी बाउरसाक (म्हणजे पिठाचे तळलेले गोळे), बैजिगितच्या जागी कुर्त, मग मंती, सामसा, लगमान... सातव्यांदा बटण दाबलं आणि कोके दारात उभे राहिले, मागे आकमाराल.

उंच टोपी, पांढरी दाढी आणि नजर अशी की जावयाने आपोआप पोट आत घ्यावं.

"दाखव," कोके दारातूनच म्हणाले.

दारखानने खेळ सुरू केला. धुक्यातून दगड वर आला. त्यावर सोनेरी अक्षरांत झळकत होतं: 'हा माळ ज्यांनी वसवला ते थोर बाउरसाक. त्यांचे वडील मंती. त्यांचे वडील सामसा.'

सगळीकडे म्हणजे सगळीकडे. दगडावरसुद्धा.

कोके आत येऊन खुर्चीत बसले आणि चष्मा शोधू लागले. कोटाच्या या खिशात नाही, त्या खिशात नाही. सापडला. रुमालाने एक काच पुसली. दारखानने खेळ झटकन बंद केला आणि जे बदललं ते मागे घेणारी दोन बटणं (एवढी त्याला येत होती) जीव तोडून दाबत सुटला. कोकेंनी दुसरी काच पुसून चष्मा चढवला तोवर दगड पुन्हा उभा होता आणि त्यावर सारसेन होते, बैजिगित होते, सातही जण होते.

कोकेंनी नावं ओठांतल्या ओठांत वाचली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं, संपलं!" म्हणत दारखान लॅपटॉप मिटायला धावला.

"थांब. पुढे हलतंय काहीतरी."

पुढे सात मेंढरं येत होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव तरंगत होतं. सगळ्यांत मागे लंगडत बैजिगित. आकमारालने पदराचं टोक तोंडात धरावं तसं टेबलावरचं फडकं दातांत धरलं. कोके पडद्याकडे वाकले. दारखानला डोळ्यांपुढे फाटक दिसलं, फाटकाबाहेर भावोजींची गाडी दिसली, आणि तिच्यात मागची सीट रिकामी दिसली.

"तो पांढरा कोण?" कोकेंनी विचारलं.

"सा... सारसेन आजोबा."

"आणि गवतात काय आहे?"

"लांडगा."

"कुणावर चाललाय?"

दारखानने जागच्या जागी उभं राहून बोटाने दाखवलं.

"मग बघतोस काय गाढवा!" कोके गरजले. "वळव त्याला! माझा बाप खाल्ला जाईल तिकडे! सरक बाजूला!"

त्यानंतर तो कीबोर्ड दारखानच्या हाती आला नाही. सगळं बालपण मेंढरांमागे गेलेला तो म्हातारा वडिलांना वाचवत होता, पणजोबांना पाणी पाजत होता, लंगड्या बैजिगितसाठी कळप थांबवत होता. जेवण निवलं. "बाबा, शाब्बास!" असं ते मेंढराला म्हणाले तेव्हा आकमाराल हसू लागली आणि हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी निघताना कोकेंनी जावयाला मिठी मारली. माहेर वाचलं होतं. "पूर्वजांची राखण करायला शिकवणारा खेळ आहे," ते म्हणाले. "नावं बदललीस तर याद राख." मग कानाशी वाकले. "चष्मा मला जवळचं वाचायला लागतो. थोर बाउरसाक मला दारातूनच दिसले."

दारखान जागीच थिजला.

"खेळामागे ती शोधायची खिडकी उघडीच होती. आकमारालने दाखवली," कोके पुढे म्हणाले. "मी तुझं नाव शोधलं. कुठेच नव्हतं. बरं दिसत नाही ते. घरचाच माणूस तू. मी घातलंय, सगळीकडे."

कुठे घातलं, ते दारखानने विचारलं नाही. खेळ कंपनीकडे गेला आणि साहेबांचा निरोप आला: 'मेंढरं उत्तम. पण सगळ्यांना खरं आवडलंय ते खुंट्याचं दारखान नावाचं गाढव. लांडगा आला की ते जागच्या जागी थरथरत उभं राहतं. अगदी हुबेहूब. त्यात काही बदलू नका.'