प्रोफेसर मानकरांचा फासा

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही.

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत, शेजारच्या खोलीत, प्रोफेसर मानकर राहतात. एकटेच. कॉलेजातून आले की दार लोटून सापशिडीचा फासा टाकत बसतात. चाळ म्हणायची, जुगारी आहे. शेवटी मीच धीर करून विचारलं, तर म्हणाले अणुभट्टीचं गणित करतोय!

म्हणजे असं, की भट्टीत एक न्यूट्रॉन सुटला. फाशावर एक आला तर तो आतच शोषला गेला, सहा आला तर बाहेर पळाला, मधलं काही आलं तर आपटून वळला. वळला की परत फासा. संपला की वहीत रेघ. परदेशात म्हणे हे यंत्रं करतात. "हजार झाले की भट्टी बोलायला लागते," हे त्यांचं पालुपद.

आणि भित्रे किती! झुरळाला भितात, तारवाल्याला भितात, कुलूप तीनदा ओढून बघतात. खाली 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या घोषणा सुरू झाल्या की खिडकी बंद. आमचा विनूदादा चिडवायचा, काय प्रोफेसर, मुंबई मिळणार का, टाका की फासा. ते गंभीरपणे म्हणायचे, माहिती अपुरी आहे.

परवा दादा फोर्टात मोर्चाला गेला. चारला बातमी आली, गोळीबार झाला. दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या. पाच वाजले, सहा वाजले. खालून पळत येणारा प्रत्येक पांढरा सदरा मला दादाचाच वाटायचा. आई उठली आणि सरळ प्रोफेसरांच्या दारात गेली. म्हणाली, तुम्ही एवढी गणितं करता, आमचा विनू येईल ना?

त्यांचं तोंड पांढरंफटक.

"वहिनी, मी हजारांचं सांगतो. एकाचं नाही हो सांगता येत."

आई तिथेच मटकन बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि दार सताड उघडं टाकून, अनवाणीच जिना उतरले. मी हाका मारल्या. वळले नाहीत.

अर्ध्या तासात दादा आला, मागच्या वाडीतून. कपाळ फुटलेलं, पण चालत. प्रोफेसर भेटले का विचारलं, तर म्हणाला, कोण, ते? बाहेर? मग तो त्यांना शोधायला परत निघाला तर आईने दार अडवलं. आता आम्ही तिघं गॅलरीत, खालच्या रस्त्याकडे बघत.

पाऊण तासाने प्रोफेसर आले. टाच कापलेली. दोन इस्पितळांत खाटेखाटेजवळ जाऊन तोंडं बघून आले होते. दादाला बघितलं आणि कठडा धरून उभे राहिले.

आई रागावलीच. "होतात कुठे इतका वेळ? इथे आमचा जीव टांगणीला."

ते बघतच राहिले तिच्याकडे.

"माझ्यासाठी?"

आई त्यांचाही पाट मांडायला आत गेली. मला मात्र रडू आवरेना. खरं सांगा, तुमचं झालंय का कधी असं? ज्या माणसाला वर्षानुवर्षं हसलात, त्याच्याच वाटेकडे डोळे लावून कधी उभे राहिलायत?