सकपाळ गुरुजी म्हणतात, आता भांडा

सकपाळ गुरुजी शाळेत आले की आधी लोकांना जागेवरून उठवतात. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत शिपायाला बसवायचं, शिपायाच्या स्टुलावर मुख्याध्यापकाला. मग म्हणायचं, "हं, आता भांडा."

निवृत्त झाल्यापासून हेच. महाड-पोलादपुरात कुठल्याही शाळेत कर्मचाऱ्यांचं बिनसलं, की गुरुजी एसटीने हजर. याला ते 'अभ्यास' म्हणतात. तो करायला कुणी सांगितलं, कुणालाच ठाऊक नाही. "मी कुणाच्याच बाजूचा नाही," असं आधीच बजावतात. ते खरंच असल्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर चिडतात.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला शिपाई नाही. म्हणून मुख्याध्यापिका या नात्याने मी खिचडी करणाऱ्या सुलभाताईंना व्हरांडाही झाडायला सांगितला. त्यांनी पळी खाली ठेवली. "मी सैपाकाला हाय, झाडायला नाय. दुसरी बघा." दुसरी कुणी तयार होईना. मुलं दुपारची उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशी गुरुजी दारात.

मला पाटावर बसवलं, सुलभाताईंना माझ्या खुर्चीत. त्यांनी टेबलावरचा माझा चष्माच चढवला. "ताई, मी सांगते ते तुमच्या कानात शिरतं की खिचडीत पडतं?"

"मी असं बोलत नाही!"

"तुम्ही आता सुलभाताई आहात," गुरुजी म्हणाले. "तसं भांडा."

मग मी इतकी जीव तोडून भांडले, की खुर्चीतल्या ताईच विरघळल्या. "बरं बाय, नको झाडू. मी बघते." कोण जिंकलं, मला अजून कळलेलं नाही. व्हरांडा मात्र मी झाडते.

त्या दुपारी खिचडी शिजली. गुरुजी मुलांच्या पंगतीत बसून सावकाश जेवले.

"उद्या कुठे काही कुरबूर?" त्यांनी विचारलं.

"माझ्या कानावर तरी नाही."

"महाडकडे?"

"तिकडेही शांत आहे."

ते ताट धुवायला उठले. "घरी दोघं होतो, तेव्हा इतकं लांब जावं लागत नव्हतं," म्हणाले आणि स्वच्छ झालेलं ताट पुन्हा घासत राहिले.

"गुरुजी, माझं अजून मिटलं नाय हां," सुलभाताई आतून ओरडल्या.

"मिटलं की!" मी म्हटलं. मला काही समजेना.

"मिठाचं ऱ्हायलंय." ताईंनी दारात येऊन माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"हो, हो. मीठ फारच घालता तुम्ही."

"फार? चिमूटभर घालते, बाई!" ताई खरोखरच तडकल्या.

गुरुजींनी लगबगीने ताट ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा! आज अजिबात नको. उद्या मी आल्यावर नीट बसून भांडा."