ब्रह्मचाऱ्याची पिल्लं

मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक काडीकिडा होता. हुबेहूब वाळकी काडी. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं ब्रह्मचारी. दहावीतलं कुणी खिदळलं की त्याला पेटीपुढे उभं करायचे. "बघ! एकटा राहतो, पाला खातो, कुणाकडे मान वळवत नाही. शिक जरा!"

हाच माणूस दरवर्षी दहावीच्या प्रत्येक पुस्तकातला प्रजननाचा धडा स्टेपलरने बंद करायचा. पोरांनी सगळं शिकावं, फक्त आपण आलो कुठून ते सोडून! यंदा विज्ञानाच्या नव्या बाईंनी पिना उपसल्या. सरांनी दुप्पट मारल्या आणि सुनावलं, "पालकसभेत माफी मागा, नाहीतर घरी बसा."

सभेच्या दिवशी फळ्यावर सरांच्या अक्षरात 'जाहीर माफी' लिहिलेलं. मुलं, पालक दाटीवाटीने बसलेले. सरांनी सवयीने पेटी उंच धरली. "हा आमचा आदर्श!"

"अगंबाई, आदर्शाला पिल्लं झालीत की!" पुढची एक आई ओरडली.

पेटीभर बारीक काड्या तुरुतुरु चालत होत्या. सर बाईंवर उखडले. "हा चावटपणा तुमचा! आत मादी कुणी सोडली?"

"मादी हीच आहे, सर. पहिल्यापासून."

"मग नर कुणी सोडला?"

"कुणीच नाही. हिला नर लागतच नाही. एकटीच अंडी घालते. सगळ्या मुली, सगळ्या आईची नक्कल."

"अंडी? मी रोज पेटी बघतो. तळाशी चार बिया असतात फक्त!"

"त्याच."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे बाळंतपण सरांनीच केलं!" हशा उसळला.

"गप्प! कुठे लिहिलंय हे?"

"धड्यात. पिनांच्या आत."

एका बापाने हात वर केला. "बाई, मग आमची दोघं पोरं एकमेकांसारखी का नाहीत?"

"अर्धं आईचं, अर्धं बापाचं. आणि दर खेपेला वाटणी निराळी."

ती पुढची आई उठली. "दोन बाळंतपणं झाली माझी, पण हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या पोरीला तरी कळू दे. सर, बाई घरी बसल्या तर शिकवणार कोण? तुम्ही?"

सरांनी शेजारच्या मुलीचं पुस्तक ओढलं आणि नखाने पिना उचकटू लागले. एक निघाली की खाली दुसरी.

"इतक्या पिना कुठल्या गाढवाने मारल्यात?" ते करवादले.

बाईंनी डस्टर उचललं, फळ्यावरची माफी पुसली आणि धड्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं.