दोन भाऊ, एक दुकान आणि बारा वर्षांचं मौन

बोलणाऱ्याला ऐकणारा मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, आणि ऐकणाऱ्याला उठून जाता येणे हा त्याहूनही मूलभूत. या दोन हक्कांची सांगड घालण्यासाठीच पॉडकास्टची निर्मिती झाली असावी. बोलणारा पोटभर बोलतो, ऐकणारा पोटभर ऐकत नाही, आणि कुणाचंच मन दुखावत नाही.

माझ्या दोन मेहुण्यांचं चष्म्याचं दुकान आहे. थोरला गिऱ्हाइकाला फ्रेम बसवतो, धाकटा डोळे तपासतो. दोघं एकाच घरात राहतात, एकाच स्कूटरवरून दुकानात येतात, आणि दिवसभर एकमेकांशी बोलून झाल्यावर उरलेलं बोलणं पॉडकास्टवर बोलतात. पॉडकास्टचं नाव ‘नजर आणि नंबर’. विषय चष्मा. (दुसरा विषय घेण्याची सूचना एकदा आली होती. ती विचाराधीन आहे.)

एकूण श्रोते नऊ होते. पैकी पाच नातेवाईक, दोन फ्रेमचे विक्रेते, एक जण चुकून, आणि एक मी. मला नातेवाईकांत धरलेलं नाही. जावई वेगळा मोजतात.

माझी पत्नी ही या दोघांची ताई. भावांची ही आबाळ तिला बघवेना. ती ऑफिसातले रजेचे अर्ज एआयकडून लिहून घेते, आणि आजवर तिची एकही रजा नाकारली गेलेली नाही. एका रविवारी तिने दोघांना समोर बसवून फोनवर ते ॲप उघडलं. पॉडकास्टची जाहिरात लिहून देण्याआधी ॲपने अतिशय अदबीने विचारलं, ‘तुमच्या कथेतला संघर्ष कोणता?’

“संघर्ष नाही,” थोरला म्हणाला.

“मध्यंतरी लाइट गेले होते,” धाकट्याने मदत केली.

ॲपने दोघांचं कौतुक केलं आणि लिहून दिलं: ‘दोन भाऊ. एक दुकान. बारा वर्षांचं मौन. आज ते पहिल्यांदा बोलत आहेत.’

“अगं, पण आम्ही रोज बोलतो,” थोरला म्हणाला.

“ते कोण ऐकतंय?” ताईने विचारलं, आणि जाहिरात टाकली.

परिणाम तत्काळ दिसून आला. आठवड्याभरात श्रोते हजारांत गेले. एका मावशीने रडत फोन केला, “बारा वर्षं झाली आणि मला कुणी सांगितलं नाही?” (त्या बारा वर्षांत ती पाच वेळा या घरी राहून गेली होती.) शेजारणी सासूबाईंकडे सांत्वनाला येऊ लागल्या. दुकानात गिऱ्हाइकं आत शिरतानाच बाजू ठरवून येत. थोरल्याच्या बाजूची माणसं धाकट्याकडून डोळे तपासून घ्यायला तयार होईनात आणि अंदाजाने चष्मा मागू लागली.

मात्र श्रोत्यांच्या तक्रारीही रास्त होत्या. बारा वर्षं न बोललेल्या माणसांच्या मानाने हे दोघं फार हसतात, असं अनेकांचं म्हणणं पडलं. शिवाय मौनाचं कारण काय, हे जाणून घेण्याचा श्रोत्यांना अधिकार होता. तेव्हा कारण ठरवण्यासाठी दुकान बंद केल्यावर बैठक भरली. मी हजर होतो. जावयाला मत नसतं, कान असतात.

“असं ठेवू,” थोरला म्हणाला, “की तू न सांगता दुकान सोडून गेलास.”

“मीच का? तू मला हाकललंस, असं ठेवू.”

“मी कशाला हाकलेन?”

“मग मी कशाला जाईन?”

इथपर्यंत चर्चा खेळीमेळीत चालली होती.

“तसं बघितलं तर,” धाकटा चष्मा पुसत म्हणाला, “मी डोळे तपासायचं शिकून आलो, पहिल्या दिवशी दुकानात उभा राहिलो, तेव्हा तू गिऱ्हाइकाला काय म्हणालास आठवतं? ‘काचा पुसायचं कापड कुठे ठेवलंय ते याला विचारा.’”

थोरल्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाला, “आणि तू शिकायला गेलास तेव्हा रोज सकाळी शटर कुणी उघडलं? मलाही कॉलेजात जायचं होतं. विचारलंस कधी?”

“तू कधी सांगितलंस?”

“सांगायला लागतं?”

यानंतर दोघं बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचा सबंध महिना नाही. एआय खोटं लिहितं, असा आरोप अडाणी लोक करतात. ते खोटं लिहीत नाही. थोडं आधी लिहितं, एवढंच.

स्कूटर थोरल्याकडे राहिली, धाकटा चालत येऊ लागला. दुकानाचं कामकाज मात्र थांबलं नाही. चार फुटांवर बसलेल्या धाकट्याला थोरला ॲपकडून निरोप लिहून घेऊन पाठवी: ‘आदरणीय सहकारी, एक ग्राहक आपली आतुरतेने प्रतीक्षा करीत असल्याचे कळविताना अत्यंत आनंद होत आहे.’ तसंच सविनय उत्तर येई. घरात इतकी सभ्यता पूर्वी कधीच नांदली नव्हती. सासूबाई जेवताना मध्ये बसत आणि मीठ दोन्हीकडे सरकवत.

ठरल्या वारी रेकॉर्डिंगही झालं. दोघं माइकसमोर अर्धा तास बसून उठले. पंख्याचा आवाज, एक ड्रॉवर उघडल्याचा आवाज आणि धाकट्याचा खोकला. ॲपने भागाला नाव सुचवलं, ‘शब्दांच्या पलीकडे’. हा भाग आजवर सर्वाधिक ऐकला गेला आहे. ‘त्या खोकल्यात केवढी वेदना होती,’ असं एकाने लिहिलं. (धाकट्याला सर्दी झाली होती.)

ताई मात्र घरी येऊन माझ्यावर चिडू लागली. भाऊ तिचे, जाहिरात तिची, चिडायला मी. एका रात्री म्हणाली, “मी फक्त ऐकणारे वाढवायला गेले होते रे,” आणि रडली. मी ॲपला विचारलं नाही, हे नमूद करतो. नुसता बसून राहिलो.

शेवटी सासूबाई स्वतः दुकानात गेल्या आणि तपासणीच्या खुर्चीत बसल्या. “मला दिसेनासं झालंय,” म्हणाल्या. “दोघंही या.”

थोरल्याने फ्रेम डोळ्यांवर धरली, धाकटा भिंगं बदलू लागला.

“आई, पहिलं बरं की दुसरं?”

“दोन्ही सारखंच.”

त्याने भिंग बदललं. “आता बरं की मघाशी?”

“मघाशीच बरं होतं. महिन्याभरापूर्वी तर फारच छान होतं.”

थोरला म्हणाला, “नीट बघ ना आई,” आणि फ्रेम त्याच्या हातून सुटली. धाकट्याने हात पुढे करून फ्रेम सांभाळली. त्या संध्याकाळी दोघं एकाच स्कूटरवरून घरी गेले. पुढचा भाग त्यांनी स्वतःच जाहीर केला, ‘आईचा नंबर बदललेला नाही’. तो नऊ जणांनी ऐकला. बाकीच्यांनी फसवणूक झाल्याचं कळवून रजा घेतली.

या श्रोत्यांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि वाचकहो, तुम्ही आत्ता ठेवलीही असतील. पण मेहुणे गुण्यागोविंदाने राहत होते तेव्हा भांडण कधी लागतंय याची वाट कोण बघत होतं? आणि ते परत बोलायला लागताच किती ओळी उरल्यात याकडे कुणाची नजर गेली? म्हणूनच मी भांडण सविस्तर दिलं आणि समेट चटकन उरकला. हे मला कुठल्याही ॲपने सुचवलेलं नाही. तुम्हाला मी तसाही ओळखतो.