नैरोबीवाले टिपणीस

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात कुणी कुठलंही तिकीट मागायला आलं, तरी टिपणीस त्याला नैरोबीला पाठवू बघत. माणूस आजारी आईला भेटायला त्रिवेंद्रमला निघालेला असे, आणि टिपणीस त्याला विचारत, "जिराफ पाहिलाय का जवळून?"

हे नव्वदीच्या दशकातलं, देरा दुबईतलं. टिपणीस आणि मी अजमानला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, एकाच गाडीतून कामावर यायचो. त्यामुळे मला नैरोबी रोज घडायची. तिथलं जंगल शहराला अगदी खेटून, सिंहाच्या पाठीमागे उंच इमारती दिसतात. आई गमावलेल्या हत्तीच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजतात. वेगवेगळ्या जमातींच्या झोपड्या बांधलेलं एक गाव आहे, तिथे ढोल आणि नाच. "नाच चालू असताना डबा उघडू नका," अशी मराठी कुटुंबांना खास ताकीद. "मागे कुणीतरी पुरणपोळ्या काढल्या. नाचणाऱ्यांचं लक्ष उडालं."

पण त्यांचा खरा जीव जिराफांत. तिथे लाकडी मचाणावर चढून जिराफाला हातानं चारता येतं. त्यासाठी टिपणीस गिऱ्हाइकाला उभं करून शिकवत. बोटं जुळवायची, अंगठा आत, तळहात सपाट, आणि म्हणायचं, "घे गं बाई." एका मुलानं विचारलं, "अंकल, व्हॉट इफ इट्स अ बॉय?" टिपणीस म्हणाले, "तरी तसंच म्हणायचं. त्याला चालतं." मोठमोठे कॉन्ट्रॅक्टर आमच्या काउंटरपुढे रिकामा हात पसरून "घे गं बाई" म्हणताना मी पाहिलेत.

टिपणीस आता नाहीत. पण आमच्या इथल्या मराठी मंडळात कुणी मोठी थाप मारली, की लोक अजून म्हणतात, "हा नैरोबीवाला." तो शब्द मी चालू केला. त्यामुळे एका मुलीचा बाप काही काळ हरवला होता. म्हणून खरं काय ते मीच सांगायला हवं.

ऑफिसातल्या सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कपाटात असत. व्हिसाच्या कामासाठी टिपणीसांचा काढला आणि सहज चाळला. मुंबई, दुबई, मुंबई, दुबई. कंपनी रजेचं तिकीट देते ते घरचं, त्यामुळे आखातातल्या माणसाला पृथ्वीवर दोनच विमानतळ. केनियाचा शिक्का कुठेच नव्हता. मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, मी माइक हातात घेतला आणि ते जाहीर करून टाकलं. सगळा हॉल हसला. कुणीतरी ओरडलं, "खलास, टिपणीस!" टिपणीसही हसले. हातातला मोदक मात्र त्यांनी तसाच ठेवून दिला.

त्यानंतर ते लोकांना सिंगापूरला पाठवू लागले. गाडीतही नैरोबीचं नाव नाही. मी छेडलं, "काय टिपणीस, जिराफ उपाशी मरतील की!"

"मला काय माहीत तिथलं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढे बायकोनं, नलिनीनं, हट्ट धरला म्हणून आम्ही दोघं नैरोबीला गेलो. सगळं टिपणीसांनी सांगितलेलं होतं तसंच. मचाणावर नलिनीनं हात सपाट धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "घे गं बाई." कठड्याशी उभी असलेली गणवेशातली बाई गर्रकन वळली.

"दुबईहून आलात?" तिनं चक्क मराठीत विचारलं. "बाबा आहेत ना हो?"

ती टिपणीसांची मेधा. मुलगी परदेशात असते, यापलीकडे टिपणीस कधी बोलले नव्हते. तिनं तिथल्या माणसाशी लग्न केलं, तेव्हा बापानं बोलणं तोडलं होतं. मग कुणा गिऱ्हाइकानं सहलीचे फोटो दाखवायला आणले, त्यात त्यांना ती दिसली असावी. लहानपणी गावी गाईला घास देताना त्यांनीच तिचा हात असा सपाट धरायला लावला होता, "घे गं बाई" म्हणायला शिकवलं होतं.

"अनोळखी माणसं यायची आणि जिराफाला तसं म्हणायची," मेधा म्हणाली. "की मला कळायचं, बाबांनी पाठवलंय. मग एकदम सगळं बंद. मला वाटलं, गेले. आई तर आधीच गेली. विचारणार कुणाला?"

"ठणठणीत आहेत," नलिनी म्हणाली. मी जिराफाकडे बघत राहिलो. जांभळं खाल्लेल्या पोरासारखी त्याची जीभ निळीकाळी झाली होती.

परत आल्यावर टिपणीसांना सगळं सांगितलं. माइकचा विषय काढला तर मध्येच तोडून म्हणाले, "अहो सामंत, उन्हात उभी असते का ती?"

"वर छप्पर आहे. नंबर दिलाय तिनं."

बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. "तुम्ही लावा. उचललाच तर आधी तुम्ही बोला."

मी लावला, दोन शब्द बोललो आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. जगाला नैरोबी सांगणाऱ्या माणसाला शब्द फुटेना. पण पलीकडून फुटले. कुठल्या जिराफिणीला पिल्लू झालं, कुठला छोटा हत्ती दुसऱ्याची बाटली पळवतो, मध्ये श्वास नाही. अगदी बापाची लेक. टिपणीस नुसती मान हलवत होते, जणू तिला ते दिसत होतं.

काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळलं होतं. मी खूण केली. टिपणीसांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला दटावलं, "थांबायला सांगा हो. ती बोलतेय."