सतार पहिली की गझल

यंदाच्या नव्या रेकॉर्डींमधली पहिली कुठली, यावरून अण्णासो आणि रफिक यांचं बोलणं बंद झालं आणि मधल्या मधे अडकला जोतीराम.

अण्णासो नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून, तर रफिकचं पापाच्या तिकटीच्या चौकाजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोस्ती शाळेपासूनची, आणि गाण्याचं वेड सारखंच. वर्षभरात निघालेल्या लाँगप्ले रेकॉर्डी दोघं मिळून घ्यायचे आणि दिवाळी झाली की एका बैठकीत त्यांचे नंबर लावायचे. गारगोटीहून येऊन मिसळीचं नवं हॉटेल काढणाऱ्या जोतीरामाच्या हे कानावर गेलं. त्यानं सांगून टाकलं, "उद्घाटनाला तुमची पैल्या नंबरची रेकॉर्ड लावणार. कर्णा सांगून ठेवलाय. तुमी म्हणशीला ती!"

यंदाच्या बैठकीत तिसऱ्यापासून खालचं सगळं चहा निवायच्या आत ठरलं. वरच्या दोन राहिल्या. एक सतारीची, एक गझलांची.

"सतार," अण्णासो म्हणाला.

"लेका, अर्धी बाजू संपली तरी तुझा सतारवाला नुसती तयारीच करतोय," रफिक म्हणाला. "पैली गझल."

"ती बाई गाती कमी आन् धापा टाकती जास्त. दम घेतल्याला ऐकू येतोय की!"

"कान न्हाईत तुला."

"आन् तुला अक्कल न्हाय. ही सतार घरी ने, नीट ऐक, मग तोंड उघड!"

रफिकनं सतारीची रेकॉर्ड काखेत मारली आणि गझलांची अण्णासोच्या पुढ्यात ठेवली. "तूबी ऐक. तवर माझ्या दुकानाची पायरी चढू नगंस."

अण्णासोनं ती रेकॉर्ड लावली ती निव्वळ खोड काढायला. बाईनं दम घेतला की तो विजयी मुद्रेनं मान हलवायचा. पण खोड नीट पकडायची तर सुई पुन्हा मागं न्यावी लागे, आणि मागं नेली की पुढचंही ऐकावं लागे. आठवडाभरात त्याच्या ध्यानात आलं, की आपण आता त्या दम घेण्याचीच वाट बघतोय. कुणीतरी सांगायचं ते सांगू की नको म्हणून क्षणभर थांबावं, तसं ते होतं.

"अवो, जेवान निवालं," बायको शालूबाई म्हणाली. "घावली का न्हाय खोड अजून?"

"घावतीय."

हे कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. पण ज्याला ते कळलं असतं असा गावात एकच माणूस होता, आणि त्याच्या दुकानावरून अण्णासो हल्ली मान खाली घालून जात होता. शेवटी त्यानं ठरवलं, उद्घाटनाला सरळ जायचं आणि हार मानायची.

रविवारी सकाळी हॉटेलपुढं गर्दी जमली होती. कर्णा खांबाला बांधून तयार होता. अण्णासो पोचला तर रफिक आधीच उभा.

"रफिक, चुकलं माझं," अण्णासो म्हणाला. "तुझी गझलच पैली."

रफिकचा चेहरा पडला. "खुळा झालास काय? पैली सतार!"

"आरं, त्यो नुसती तयारी करतोय म्हणत हुतास न्हवं?"

"तयारीतच तर सगळं हाय! पुढचं कोनबी वाजवंल. तू ऐकलंच न्हाईस नीट."

"मी? आन् तू त्या बाईचा दम ऐकलास कधी?"

"अवो, कुठलीबी एक द्या की!" जोतीराम दोघांच्या मधे हात जोडून उभा राहिला. "लोकं खोळंबल्यात!"

"कुठलीबी?" दोघं एकदमच त्याच्यावर ओरडले.

जोतीराम आत गेला आणि नारळ फोडून त्यानं मिसळ वाढायला घेतली. बाहेर सतार आणि गझल यांची जुंपलीच होती. रफिक तोंडानं आलाप करून दाखवत होता, अण्णासो मधेच श्वास ओढून थांबत होता, आणि पुन्हा दोघं एकमेकांवर तुटून पडत होते. खाऊन झालेलं गिऱ्हाईक उठेना. अजून एक पाव मागवून ते कान देऊन बसलं. मागून आलेले दारात उभं राहून खाऊ लागले. दुपारी मिसळीचं पातेलं खरवडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं दोघं जरा थांबले.

जोतीराम दोन चहा घेऊन स्वतः बाहेर आला. त्यानं दोघांच्या हातात कप दिले, घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "मिटलं न्हाय न्हवं अजून?"

"न्हाय!" रफिक म्हणाला.

"मग उद्याबी या की," जोतीराम म्हणाला.