मोरीतली हरकत

नकाशा तयार होता, खोदाईचे यंत्र ठरले होते आणि सगळे घोडे एका सहीपाशी अडले होते. ती सही कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंची. पावसाचे पाणी वाहून नेणारा नवा नाला त्यांच्या परसातून दोन हात आत घेतल्याशिवाय वळत नव्हता. शुक्रवारी पाचच्या आत संमतीसह फाईल वर गेली नाही, तर काम पावसाळ्यापलीकडे जाणार होते. कार्यालयात एक मोठे साहेब असल्यामुळे ज्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत, त्या इंजिनिअरांची यामुळे झोप उडाली होती. गल्लीच्या तळाशी त्यांच्या सख्ख्या बहिणीचे घर होते. दर पावसाळ्यात ताईकडे गुडघाभर पाणी शिरे. यंदा तिने निक्षून सांगितले होते, "नाला झाला तर तू माझा भाऊ. नाहीतर नुसता इंजिनिअर."

काकूंची स्वतःची ना नव्हती. "मला काही नाही हो," त्या म्हणाल्या, "पण ह्यांची हरकत आहे."

ह्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. ते याच खात्यातून निवृत्त झाले होते आणि काकूंच्या सांगण्याप्रमाणे रोज दुपारी तीनला मोरीतून बोलत. हयातीत घरी तोंड उघडायचे नाहीत, आता मी स्टूल टाकून बसले की तासभर सोबत होते, असे त्या भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगत होत्या. धाकट्या साहेबांना हसू आले. पण मोरीपाशी गेल्यावर अंगावर काटा आला. बाहेर पान हलत नव्हते आणि जाळीतून गार वारा वर येत होता.

कार्यालयात परतल्यावर जुना नकाशा उलगडला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मोरीच्या खालून विटांचा एक जुना नाला जात होता. त्याचे झाकण गल्लीच्या तोंडाशी होते. तिथे कोणी बोलले की इथे ऐकू येणारच. भूतबीत काही नाही, नुसती नळी. आणि नळीतून ज्याला कोणाला बोलता येते, त्याला सही मागताही येते.

शुक्रवारी तीनला धाकटे साहेब झाकण उघडून रस्त्यावर पालथे पडले. मोजणीची पट्टी धरण्यात हयात घालवलेले पट्टीवाले काका कागद घेऊन काकूंकडे गेले. आता बोलायचे काय, हा प्रश्न पडला. मेलेला नवरा बायकोशी कसा बोलतो, हे नोकरीत कोणी शिकवले नव्हते. तोंडाला जे वळण होते तेच बाहेर आले. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कामास आमची हरकत नाही. तरी योग्य त्या ठिकाणी सही करावी, ही विनंती."

त्यांनी जीभ चावली. पण दहा मिनिटांत पट्टीवाले सही घेऊन आले. काकू रडल्या म्हणे. अगदी हेच बोलणे, लग्न ठरल्यावरचे पहिले पत्रही असेच होते, असे म्हणाल्या.

साहेब खूश होऊन झाकण ओढू लागले, तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "सात आणि आठ."

"काय म्हणालात?" त्यांनी पट्टीवाल्यांना विचारले. पट्टीवाले काहीच म्हणाले नव्हते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सातव्या खुंटाची पातळी आठव्याला लिहिली आहे," खालून संथ, ओलसर आवाज आला. "पाणी उलटं फिरेल."

साहेबांनी मोजणीवही उघडली. सातचा आकडा आठसमोर, आठचा सातसमोर. त्यांच्या हाताखालून गेलेला नाला पहिल्याच पावसात साऱ्या वस्तीचे पाणी ताईच्या उंबऱ्यावर आणून ओतणार होता. नळीच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी होती. ते धावतच काकूंकडे गेले आणि ताईच्या घरासाठी सोंग घेतल्याचे कबूल करून टाकले. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

काकू रागावल्या नाहीत. "तरीच आठ दिवस सात-आठ, सात-आठ चाललं होतं. मला वाटलं, पाढ्यांची उजळणी करतायत."

काकूंच्याच टेबलावर उतार दुरुस्त झाला. साहेबांनी मोरीत वाकून एकेक खुंट वाचून दाखवला. मग आवाज आला, "पुढे पाठवा."

दुरुस्त नकाशावर पुन्हा सही करायला काकूंनी पेन हातात घेतले आणि त्या थांबल्या. "नवा नाला झाला की हा जुना बुजवणार ना?"

"हो काकू." याहून दुसरे काही सांगता आले असते, तर त्यांनी सांगितले असते.

"तुमच्या ताईला मुलं आहेत?"

"दोन."

काकूंनी सही केली. घड्याळात पावणेपाच झाले होते.

पाऊस पडला, धो धो पडला, आणि ताईची फरशी कोरडी राहिली. भाऊपण परत मिळाले. पण काकूंची मोरी मुकी झाली होती. धाकटे साहेब भेटायला गेले, तेव्हा त्या स्टुलावर नुसत्याच बसल्या होत्या. "बदली झाली असेल," त्या म्हणाल्या. "नोकरीच तसली. कुठं झाली तेवढं कळलं असतं, तर बरं झालं असतं."

कार्यालयात साहेबांच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बेसिनवर गेले आठ दिवस तीननंतर कोणी हात धूत नव्हते. शेवटी त्यांनी ते सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला काकू आल्या आणि बेसिनपाशी खुर्ची टाकून बसल्या. तेव्हापासून रोज येतात. त्या कोण, हे मोठे साहेबसुद्धा विचारत नाहीत. फक्त हल्ली प्रत्येक नकाशा आधी त्या खुर्चीपाशी जातो आणि मग वर.